डिंकाच्या बाजूने

प्रिय दादा,

आधीच सांगून ठेवते, हे सगळं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. तुझी सवय मला चांगली माहीत आहे. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुझं ‘तसं नाही गं’ सुरू होतं. आज ते ‘तसं नाही गं’ गिळून टाक. इतकी वर्षं मी गप्प बसले, तू घटकाभर बसलास तर तुझं काही बिघडणार नाही. आणि हसायचंही नाही. मी रागावले की तुला हसू येतं, आणि तू हसलास की मी काय सांगत होते तेच विसरते.

पार्सल मिळालं. पोस्टमन दारात उभा राहिला आणि त्याच्या काखेत ते रुंद, चपटं पार्सल दिसलं तेव्हा मला खरंच वाटलं, हा शेजारचं काहीतरी चुकून आमच्याकडे घेऊन आलाय. कारण हे वर्ष तुझं. अजून थंडी यायची आहे, मग ती सरायची आहे, हवा कोरडी व्हायची आहे, आणि मग तिकिटांचं पान माझ्याकडे यायचं. बाबांनी घालून दिलेला नेम. आपलं बोलणं बंद झालं त्या वर्षीसुद्धा तो मोडला नाही. आम्ही घर बदललं तेव्हा नाही, वहिनी गेली त्या वर्षीही नाही. मग आताच असं काय झालं? सही केली, पार्सल आत आणून टेबलावर ठेवलं आणि ते न उघडता घरभर फिरत राहिले. पुसून ठेवलेली भांडी पुन्हा पुसली. आमचे हे म्हणाले, अगं बस की जरा. मी म्हटलं, तुम्ही बसा, माझ्याही वाटचं बसा.

तुला सगळं पाठ आहे, तरी पहिल्यापासून सांगते, नाहीतर मला पुढे जाताच येत नाही. बाबा कचेरीबाहेरच्या खिडकीत बसून रेव्हेन्यू तिकिटं विकायचे. दिवसभर समोर पान, आणि भोकांच्या रेघेवरून टर्रकन फाडून द्यायचं, कुणाला एक, कुणाला चार, कुणाला अख्खी ओळ. सरकार बदललं तेव्हा नवी तिकिटं तयार व्हायला वेळ होता. म्हणून जुनीच, ती गलमिशांच्या राजाचं डोकं असलेली विटकरी तिकिटं, पुन्हा छापखान्यात घातली आणि त्यांच्यावर काळा छाप मारला. वर नव्या सरकारचं नाव आणि नवी किंमत, खाली जुनी किंमत खोडायला दोन जाड आडव्या पट्ट्या. नव्या सरकारचं नाव नेमकं राजाच्या नाकावरून गेलं होतं. बाबा म्हणायचे, राजा गेला, पण तिकिटाची नोकरी काही सुटली नाही. संग्राहक लोक ह्याला ओव्हरप्रिंट म्हणतात हे आपल्याला फार पुढे कळलं. त्या घाईच्या छपाईतलं एक अख्खं पान बाबांनी स्वतःसाठी विकत घेतलं आणि फाडलं नाही. दहा ओळी, ओळीत दहा तिकिटं, चारी बाजूंची कोरी किनार शाबूत. जन्मभर फाडून विकणाऱ्या माणसाला घरात एक तरी न फाडलेलं पान हवं होतं, एवढंच त्याचं कारण. अशा अख्ख्या पानांसाठी माणसं जीव टाकतात, छापणाऱ्याच्या हातून कुठे काय चुकलं ते अख्ख्या पानावरच उमगतं, असलं काही त्यांच्या गावीही नव्हतं.

संग्राहक झालास तो तू. घड्याळजीकडे उमेदवारी करायला लागलास, डोळ्याला भिंग लावायला शिकलास, आणि घरी येऊन तेच भिंग पानाला लावायला लागलास. मग तुझे नियम सुरू झाले. हात साबणाने धुवायचे. खडखडीत कोरडे करायचे. पान चिमट्याने उचलायचं. पानावर वाकलं की श्वास रोखायचा. आणि मागच्या बाजूला, डिंकाला, बोट लावायचं नाही म्हणजे नाही, घामाचा ठसा उमटला की डिंक कायमचा गेला. आई म्हणायची, हा जेवायच्या आधी हात धूत नाही, आणि तिकिटांसाठी आम्हाला आंघोळ घालतो. मी एकदा पानाजवळ शिंकले तर तू मला दिवसभर त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाहीस. माझं नाव चिडकी तूच ठेवलंस, आणि चिडायला कारणंही तूच पुरवलीस.

मी झाडावरून पडले आणि पायाला प्लास्टर लागलं, त्या सुट्टीत पान माझ्या पलंगाजवळच्या टेबलावर आलं. नुसतं बघायचं, ह्या अटीवर. माझ्याकडे भिंगबिंग काही नव्हतं, कंटाळा मात्र भरपूर होता. मी पट्ट्या मोजत गेले, दोन, दोन, दोन, आणि सातव्या ओळीत, डावीकडून चौथ्या तिकिटावर अडखळले. वरची पट्टी धड होती, खालची अर्ध्यावरच संपली होती. तू दुकानातून आलास तेव्हा मी म्हटलं, दादा, ह्याचा पण पाय मोडलाय. तू आधी हसलास. मग भिंग लावलंस. राजाच्या मिशांचे केस तुला मोजून माहीत होते, पण हे कधी दिसलं नव्हतं. मला वाटलं, आता हा रागावणार. तर तू मला प्लास्टरसकट पाठुंगळी घेतलंस आणि सगळी गल्ली फिरवून आणलंस. चिडकीने शोधलं! चिडकीने शोधलं! कोपऱ्यावरचा पाववाला, सायकलवाला, शिंपी, कुणाला काही कळत नव्हतं काय शोधलं ते, पण सगळे आपापलं काम टाकून हसत होते. त्या तिकिटाचं नाव त्या दिवसापासून लंगडं. मला पुढे पुष्कळ काही मिळालं, कपडे कापायच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर झाले, तिथे माझ्याआधी एकही बाई त्या टेबलाशी उभी राहिली नव्हती. पण तुझ्या पाठीवरून दिसलेल्या गल्लीची सर त्याला नाही.

बाबांनी शेवटी आपल्याला जवळ बसवून सांगितलं, फाडायचं नाही. एक वर्ष ह्याच्याकडे, एक वर्ष हिच्याकडे. पानाचे दोन भाग करता येत नाहीत, वर्षाचे करता येतात. आपण दोघांनी मान डोलावली. आणि पुढच्याच तुझ्या वर्षी तू ते प्रदर्शनात मांडलंस.

मला बोलावलं होतंस, नाही म्हणत नाही. मी कारखान्यातून तशीच आले होते, अंगावर दोऱ्यांचे तुकडे. काचेमागे पान, खाली सुबक अक्षरात पाटी: संग्राहकाने स्वतः शोधलेला छपाईदोष, सातवी ओळ, चौथे तिकीट. आणि पुढे तुझं नाव. कोटातल्या कुणीतरी तुला विचारलं, हे सापडलं कसं हो तुम्हाला? मी तुझ्या पाठीशी उभी होते. तू म्हणालास, त्याला नजर असावी लागते. मी मागून म्हटलं, हो का? तू वळलास. तुझा चेहरा पडला हे मी पाहिलं. तिथेच सगळं निस्तरता आलं असतं. पण तू त्या माणसाला म्हणालास, ही माझी धाकटी बहीण, हिलाही थोडी आवड आहे.

थोडी आवड! दादा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. नंतर तू निरोप पाठवलास की घरातलंच तर आहे, तुझं काय नि माझं काय. घरातलं होतं तर पाटीवर घर लिहायचं होतंस. मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही म्हटलं आणि नाही ठेवलं. तूही नाही आलास. आपण दोघं बाबांचीच पोरं, माघार घ्यायची म्हटली की आपल्या माना आखडतात.

पण पार्सल येत राहिलं आणि जात राहिलं. तुझं पार्सल म्हणजे माझ्या लेखी तुझं पत्रच होतं. दोन पुठ्ठे, मधे पातळ पारदर्शक कागदात पान, वर खाकी कागद, कोपरे घडी घालून असे बसवलेले की सुई जाणार नाही. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलेलं, उघडणाऱ्याला नख लावायला लागू नये म्हणून. चारी बाजूंना घड्याळाच्या तबकडीवर असावीत तशी अक्षरं: वाकवू नये. आत चिठ्ठी कधीच नाही. मीही तसंच परत पाठवायची. एका वर्षी तू आतला कागद नवा घातलास, तर पुढच्या वर्षी मी पुठ्ठे नवे घातले. एका वर्षी तुझ्या कागदाला यंत्रात घालायच्या तेलाचा वास होता, मी तो कागद बरेच दिवस टाकला नाही. हे भांडण की बोलणं, हे मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यावर माझं चाललं होतं.

ह्या वेळचं पार्सल उघडलं आणि मनात पाल चुकचुकली. सुतळीने बांधलेलं, गाठीवर गाठ. चिकटपट्टी नाहीच. ‘वाकवू नये’ एकाच बाजूला, आणि अक्षर तुझं नाही. आत पान पालथं घातलेलं, डिंकाची बाजू वर. आणि चिठ्ठी! इतक्या वर्षांनी पहिली चिठ्ठी, तीही परक्या हाताची: आता हे तुझ्याकडेच राहू दे. बस्स, एवढंच. ना नाव, ना कारण.

मी पान खिडकीशी नेलं, तिरप्या उजेडात धरलं. तूच शिकवलंस तसं, श्वास रोखून. आणि डिंकावर बोटांचे ठसे दिसले. एक नाही, दोन नाही, सगळ्या पानभर. चकचकीत डाग, ओळीने, एकाला लागून एक. मला आधी काही सुचेना, मग जे सुचलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसाने मला शिंकेपायी खोलीबाहेर काढलं, त्याने पानाची ही दशा करावी? खेळायला दिलं होतंस की काय कुणाला? आणि खराब झाल्यावर माझ्या गळ्यात बांधलंस? तुझ्याकडेच राहू दे! जसा काही मोठा त्याग. तुला पानही नको आणि मीही नको, असा मी त्याचा अर्थ लावला, आणि तो अर्थ मला गिळता येईना नि थुंकता येईना.

ते दिवस मी कसे काढले ते ह्यांना विचार. जेवायला बसायची आणि अर्ध्या घासावर उठून कपाट उघडायची. पान आहे ना जागेवर? ते कुठे जाणार होतं! कारखान्यात मी एका अख्ख्या थप्पीला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. दोन्ही डाव्या, दादा. शिवणाऱ्या बायका म्हणाल्या, मास्तरीणबाई, हे सदरे कुणासाठी? मी त्यांच्यावर खेकसले आणि मग दुपारभर स्वतःवर. त्यातच मागे नात्यातल्या कुणाकडून ऐकलं होतं ते पुन्हा पुन्हा आठवत होतं, की तू गुडघेदुखीमुळे तुझं घड्याळांचं दुकान बंद केलंस. तेव्हा मी हळहळले होते. आता डोक्यात किडा वळवळायला लागला. गुडघे? अरे, तू काय उभ्याने घड्याळं दुरुस्त करायचास?

मग काळ्या कापडाचा एक तागा आला. दोन्ही बाजूंनी सारखाच काळा, उलटी कुठली सुलटी कुठली, दिव्याखाली धरलं तरी कळेना. अशा वेळी मी काय करते माहीत आहे? डोळे मिटते आणि बोट फिरवते. वीण बोटाला बरोबर सांगते. ते मी रोज करते, त्यात काही विशेष नाही. पण त्या दिवशी डोळे मिटून बोट फिरवलं आणि तशीच थांबले. कापडावर बोट, डोळे बंद. टेबलाशी माणसं कापडाची वाट बघत उभी होती. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, आणि भर दुपारी घरी आले.

पान टेबलावर पालथं घातलं. दिवा लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा, हात न धुता, तुझे सगळे नियम मोडून, डिंकाच्या बाजूवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. आणि लागलं की रे बोटाला! छापखान्यातले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, दाबून मारलेला छाप मागून उठतो हे आपण जन्मभर पाहत आलो, पण हात कधी लावला होता? वर सरकारच्या नावाचा खरखरीत पट्टा, खाली दोन उंचवटे. पुढचं तिकीट, दोन उंचवटे. पुढचं, दोन. मी लहानपणी डोळ्यांनी मोजलं तेच.

डोळे उघडले आणि ठसे पुन्हा पाहिले. ह्या वेळी रागाने नाही. पहिल्या ओळीत प्रत्येक तिकिटामागे एक बोट, नीट, क्रमाने. दुसऱ्या ओळीत मधेच गडबड, पुन्हा सुरुवातीपासून. डाव्या किनारीवर एकाच जागी अंगठ्याचा डाग, पान हलू नये म्हणून टेकवलेला. मधल्या ओळींत ठसे विरळ होत गेलेले, माणूस वाटेला सरावत जातो तसे. आणि सातव्या ओळीत एका तिकिटामागे डिंक उरलेलाच नाही. पार झिजून खालचा कागद उघडा पडलाय. मी मोजलं, उजवीकडून चौथं. मागून उजवीकडून चौथं म्हणजे पुढून डावीकडून चौथं. खात्री होती तरी पान उलटून पाहिलं.

थांब जरा, पाणी पिते.

हं. मग मी तुझ्या सूनबाईला फोन केला. तू जेवून पडलेला असशील अशी वेळ साधून. आपलं भांडण तिच्या लग्नाआधीचं, तरी बिचारीने ‘आत्या’ म्हणून हाक मारली. मी विचारलं, दादा कसा आहे? ती म्हणाली, बरे आहेत. मी म्हटलं, ते तू शेजारपाजाऱ्यांनाही सांगशील, मला खरं सांग. तर पोर रडवेली झाली. म्हणाली, आत्या, आमच्या बाबांनी शपथ घातलीय, तुम्हाला सांगायचं नाही. मी म्हटलं, मग सांगू नकोस. मी बोलते, तू नुसतं हुं किंवा उंहूं कर, शपथ शाबूत राहील. गुडघे दुखतात का त्याचे? उंहूं. डोळे का? हुं. वाचता येतं? उंहूं. माणूस ओळखू येतो? उंहूं. चिठ्ठी तू लिहिलीस का? हुं. सुतळी त्याने स्वतः बांधली? हुं, आणि ह्या हुंनंतर तिला राहवलं नाही. म्हणाली, पट्टीचं टोक सापडेना त्यांना, मी मदत करते म्हटलं तर हात झिडकारला, सगळी दुपार गाठी मारत बसले होते.

मी फोन ठेवला आणि रडले, दादा. लपवायचं काय त्यात. तुझ्या डोळ्यांसाठी रडले, आणि तू मला कळू दिलं नाहीस म्हणून रडले, आणि त्या ‘नजर असावी लागते’ वर मी इतकी वर्षं जळत होते त्याची आता मला चीडही धड येईना म्हणून रडले. मला हक्काचा राग होता, तोही तू अर्धा काढून घेतलास.

मला काय वाटतं ते सांगते, चुकत असेन तर नंतर सांग. तुला दिसेनासं झालं तसा तू पान चाचपायला लागलास. आधी नुसतं आहे ना म्हणून, मग छाप बोटाला लागला म्हणून, मग चटक लागली म्हणून. रोज जात असशील त्या वाटेने, पहिल्या ओळीपासून खाली खाली, आणि लंगडं सापडलं की थांबत असशील. पण तू शेवटी तूच. डिंक चिकट होतोय, बोटाला लागतोय, आपण पान खराब करतोय, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? म्हणून स्वतःचा हात स्वतःच आवरलास आणि पान माझ्याकडे धाडून दिलंस. मला वाटलं होतं तुला ते नकोसं झालं. तुझ्याकडे अंधारात बघायला एवढी एकच गोष्ट उरली होती आणि ती तू वाचवायला म्हणून दूर केलीस.

तर मी ठरवलंय ते ऐक. मला हे असं वाचवलेलं पान नको. बाबांनी सांगितलं होतं, फाडायचं नाही. हात लावायचा नाही, हा नियम त्यांचा नव्हता, तो तुझा, आणि तुझे नियम मोडायला मला लहानपणापासून आवडतं. जाऊ दे तो डिंक. चिकटवायचं आहे कुणाला? संग्राहक नाक मुरडतील, मुरडू देत, त्यांना नाकं आहेत कशाला. माझी बोटंही आता त्याच्यावर उमटली आहेत. तुझ्याशेजारी माझी, ओळीने, अगदी दहाव्या ओळीपर्यंत. आणि नेम म्हणजे नेम. वर्ष तुझं आहे. थंडी सरेपर्यंत पान तुझ्याकडे राहणार, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. सुतळीच्या गाठी मारायचं काम आता नाही. नेणं-आणणं मी करीन, आणि दर वेळी जेवून जाईन. मला तुझी फार आठवण येत होती, दादा. खूपच. हे आधी सांगायला हवं होतं, पण मी चिडकी, मला आधी भांडायलाच येतं.

आता शेवटचं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नव्हतेच. टाकलं असतं तर सूनबाईने वाचून दाखवलं असतं. पोर गुणी आहे, पण माझं रडणं तिने संकोचून भरभर उरकलं असतं, आणि तू मधेच ‘पुरे’ म्हणाला असतास तर ती थांबली असती. मी थांबत नाही. आणि कागदाशिवाय आले असते तर दारातच भांडण तरी झालं असतं नाहीतर रडारड, आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून हे लिहिलं, तुझ्यासमोर बसून मीच वाचायला. सूनबाईला बजावून ठेवलं होतं, दार उघड, खुर्ची दे, पण कोण आलंय ते सांगू नकोस. पहिल्या वाक्यालाच तू मला ओळखलं असशील. तरी इथपर्यंत गप्प बसलास, शाबास. बसमध्ये सगळी वाट मांडीवर धरून पान आणलंय. आता हा कागद खाली ठेवते आणि पान पुठ्ठ्यासकट तुझ्या मांडीवर देते, डिंकाची बाजू वर. हात धुवायचे नाहीत. श्वास रोखायचा नाही. सातवी ओळ, उजवीकडून चौथं. सापडलं? मग आता बोल. गल्लीभर ओरडायला नको, मला ऐकू येईल एवढंच. कोणी शोधलं?

तुझीच,
चिडकी